मामांच्या डब्यातला पाम आणि शाळेतला लिनक्स : जुना ऑर्गनायझर कॉम्प्युटरला कसा जोडायचा?



दिवाळीच्या सुट्टीत मामीकडे गेले होते. मामांना जाऊन आता तीन वर्षं होतील. फराळ झाल्यावर मामीने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत तळहाताएवढी दोन यंत्रं, गुंडाळलेल्या वायरी, एक चार्जर आणि दोन प्लॅस्टिकच्या काड्या.

"अगं, तुझ्या मामांचं सगळं यातच असायचं. गावाकडच्या जमिनीचे गट नंबर, कोणाला किती दिले, कोणाकडून यायचेत... मोबाईलच्या दुकानात दाखवलं, तर तो म्हणाला, 'काकू, भंगारात द्या.' तू शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतेस ना? बघ तरी."

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. इंजिनियर नाही. पण "बघते" म्हणून डबा घेऊन आले, आणि पुढचे तीन रविवार त्यात गेले. त्या तीन रविवारांत जे समजलं ते इथे सोप्या शब्दांत मांडते. कुणाच्या घरी असा डबा पडून असेल तर उपयोग होईल. आणि यातले दोन-तीन मुद्दे आपल्या वर्गातही घेता येतात, ते शेवटी सांगते.

हे यंत्र होतं तरी काय?

मामा औषध कंपनीत प्रतिनिधी होते. रोज दहा डॉक्टरांच्या भेटी, त्यांच्या वेळा, पत्ते. स्मार्टफोन येण्याआधी अशा लोकांकडे हातात मावणारा ऑर्गनायझर असायचा. त्यात सगळ्यात गाजलेलं नाव पाम. १९९६ साली या कंपनीचा पहिला 'पायलट' बाजारात आला. जेफ हॉकिन्स हे त्याचे जनक. यंत्र बनवण्याआधी ते त्या आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचे आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखं करून बघायचे. शैक्षणिक साहित्य करताना आपण आधी पुठ्ठ्याचा नमुना करतो, तसंच की!

पहिल्या पायलटची मेमरी होती १२८ किलोबाइट. आज मोबाईलवर येणारा एक 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण काम चार गोष्टींचंच होतं : दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं. त्यासाठी तेवढी मेमरी पुरायची. दोन बारीक पेन्सिल सेलवर ते कितीतरी दिवस चालायचं.

आमच्या डब्यातली दोन यंत्रं अशी : एक २००१ चं पाम एम-१०५ आणि दुसरं २००५ चं पाम झेड-२२. दिसायला सख्खी भावंडं, पण आतून एक मोठा फरक. जुन्या पामांमध्ये आपल्या नोंदी रॅम नावाच्या मेमरीत असतात. रॅमला सतत वीज लागते. सेल बदलतानासुद्धा साधारण मिनिटभरात नवे घालावे लागत, नाहीतर सगळं पुसलं जायचं. झेड-२२ मध्ये मात्र फ्लॅश मेमरी आहे. पेन ड्राइव्हमध्ये असते तशी. बॅटरी मेली तरी नोंदी जागेवर राहतात.

हे मला आधी माहीत नव्हतं. मी मोठ्या उत्साहाने एम-१०५ मध्ये नवे सेल घातले. पडदा उजळला, आणि यंत्राने दुकानातून नुकतं आणल्यासारखं स्वागत केलं. पत्ते शून्य. टिपणं शून्य. सेल संपून बहुधा दहा-पंधरा वर्षं झाली असतील. मामीला फोन करून हे कसं सांगायचं, या विचारातच पहिला रविवार संपला.

'सिंक' म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्या यंत्राला हात लावण्याआधी मी जरा वाचन केलं. हे आधी करायला हवं होतं!

पामची खरी गंमत त्याच्या जोडणीत होती. यंत्र ठेवायला एक छोटी बैठक किंवा केबल यायची, तिच्यावर एक बटण. ते दाबलं की यंत्र आणि टेबलावरचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे आणि दोघांकडच्या नोंदी सारख्या व्हायच्या. याला 'हॉटसिंक' म्हणत. हे समजायला आपलं जनरल रजिस्टर आठवा.

समजा, शाळेत विद्यार्थ्यांच्या यादीच्या दोन प्रती आहेत. एक मुख्याध्यापकांकडे, एक वर्गशिक्षिकेकडे. प्रत्येक मुलाला जनरल रजिस्टरचा नंबर असतो. मुलाचं नाव दुरुस्त झालं, पत्ता बदलला, तरी तो नंबर बदलत नाही. पाममध्येही प्रत्येक नोंदीला असा कायमचा नंबर असतो. शिवाय नोंद बदलली की तिच्यापुढे एक खूण होते : 'ही बदलली आहे'. खोडली तर 'ही काढली आहे'.

आता दोन्ही प्रती जुळवायच्या आहेत. गेल्या वेळी याच दोन प्रती जुळवल्या असतील तर फक्त खुणा केलेल्या नोंदी बघितल्या की झालं. काम चटकन होतं. पण मधल्या काळात वर्गशिक्षिकेने तिसऱ्याच प्रतीशी जुळवणी केली असेल, तर खुणांवर विश्वास ठेवता येत नाही. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नाव ताडून बघावं लागतं. पामही असंच करतं. ओळखीचा कॉम्प्युटर असेल तर जलद जुळवणी, नवा असेल तर सावकाश जुळवणी.

आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली असेल तर? तेव्हा पामच्या जुळवणीत दोन्ही नोंदी ठेवल्या जात. कोणती बरोबर ते माणसाने ठरवायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. यंत्राला माहीत नाही, तर त्याने खोडायचं नाही.

यातून एक धोका मात्र लक्षात ठेवायचा. रिकामं झालेलं यंत्र आणि भरलेला कॉम्प्युटर, किंवा उलट, यांची आंधळेपणाने जुळवणी करायला जाऊ नका. आधी बॅकअप, मग सिंक. बॅकअपमध्ये यंत्रातलं फक्त वाचलं जातं, यंत्रात काही लिहिलं जात नाही. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मग लिनक्सच का?

पामबरोबर कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्रॅम यायचा, तो त्या काळच्या विंडोजसाठी आणि मॅकसाठी होता. पुढे ६४-बिट विंडोज आलं, पण जुन्या पामसाठीचा यूएसबी ड्रायव्हर ३२-बिटचाच राहिला. २०१० साली पाम कंपनी एचपीने विकत घेतली, आणि नंतर ही यंत्रं इतिहासजमा झाली. म्हणजे यंत्र चालू, नोंदी आत, केबलही हातात, पण आजच्या कॉम्प्युटरला त्याची भाषा कळत नाही.

लिनक्सच्या लोकांना मात्र सुरुवातीपासून कंपनीचा प्रोग्रॅम मिळालाच नव्हता. त्यामुळे त्यांनी नव्वदच्या दशकातच पामशी बोलायची पद्धत स्वतः उलगडली आणि 'पायलट-लिंक' नावाची साधनं लिहिली. यंत्रातून फाईल काढणं, घालणं, पत्ते वाचणं, दिनदर्शिका वाचणं, अशा प्रत्येक कामाला एक छोटी आज्ञा. त्याच्यावर जड मॉंटगोमेरी यांनी 'जे-पायलट' हा खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम बांधला. तो दिसायलाही कंपनीच्या मूळ प्रोग्रॅमसारखाच आहे. यूएसबी जोडणीसाठी लिनक्सच्या गाभ्यात 'विझर' नावाचा ड्रायव्हर आला. विझर हे हँडस्प्रिंग कंपनीच्या ऑर्गनायझरचं नाव. हॉकिन्स आणि त्यांचे सहकारी पाम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ही कंपनी काढली. त्या यंत्रासाठी लिहिलेला ड्रायव्हर पुढे पामच्या यंत्रांनाही चालला.

हे सगळं मुक्त स्रोत आहे. म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते कोणालाही वाचता येतं, दुरुस्त करता येतं, पुढे देता येतं. म्हणूनच कंपनी गेली तरी ही साधनं राहिली.

आमच्या शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दुसऱ्या रविवारी त्याच्यासमोर बसले.

प्रत्यक्ष जोडणी

१) यंत्र पूर्ण चार्ज करा. झेड-२२ ला मी रात्रभर चार्जरवर ठेवलं. सकाळी पडदा लागला. काडीने नावांच्या चित्रावर टेकवलं, आणि पहिलंच नाव दिसलं ते आमच्या आजोळच्या डॉक्टरांचं! तिथेच थांबले. आणखी काही उघडून बघायचा मोह आवरला, कारण चुकून काही खोडलं गेलं तर?

२) पायलट-लिंक आणि जे-पायलट बसवा. काही लिनक्समध्ये ते सॉफ्टवेअरच्या यादीतच मिळतात, काहींत वेगळे मिळवून बसवावे लागतात. इथे घरातल्या किंवा ओळखीच्या जाणकाराची मदत घ्यायला लाजू नका.

३) केबल लावा आणि यंत्रावर हॉटसिंक सुरू करा. ही पायरी महत्त्वाची आहे. नुसती केबल लावून कॉम्प्युटरला यंत्र दिसत नाही. हॉटसिंक दाबल्यावरच ते 'मी आलो' असं सांगतं, आणि तेही थोडाच वेळ. मी अर्धा तास केबल बदलत बसले होते, ते यामुळे. आधी यंत्रावर हॉटसिंक, मग एक-दोन सेकंदांनी कॉम्प्युटरवरची आज्ञा, असा क्रम ठेवा.

४) सगळ्यात आधी पूर्ण बॅकअप घ्या. पायलट-लिंकमधली 'पायलट-एक्सफर' ही आज्ञा हे काम करते. तिला दोन गोष्टी सांगायच्या : यंत्र कोणत्या पोर्टवर आहे, आणि फाईल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. मग पडद्यावर एकेका फाईलचं नाव सरकत जातं.

५) तो फोल्डर लगेच पेन ड्राइव्हवर घ्या. मग मूळ प्रतीला हात न लावता पुढचं काम करा.

६) आता जे-पायलट उघडून सिंक करा. पत्ते, दिनदर्शिका, कामं, टिपणं कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर वाचता येतात. तिथूनच निर्यात करता येते : पत्ते आजच्या मोबाईलला चालणाऱ्या व्हीकार्डमध्ये किंवा तक्त्यात, दिनदर्शिका आयकॅलेंडरमध्ये, टिपणं साध्या मजकुरात.

तुमचं यंत्र एम-१०५ सारखं जुनं असेल तर त्याची केबल सिरियल असते, नऊ पिनांची. नव्या कॉम्प्युटरला ती खाच नसते. त्यासाठी यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर बाजारात मिळतो. या जोडणीत दोघांचं बोलणं ९६०० या सावकाश वेगाने सुरू होतं, आणि मग दोघं मिळून वाढीव वेग ठरवतात. नव्या मुलाशी आपण आधी हळू बोलतो, समजतंय असं दिसलं की मग नेहमीच्या वेगाने, तसंच.

माझं अडलं कुठे?

सगळं इतकं सरळ झालं नाही. अडचणी आणि त्यांची उत्तरं लिहून ठेवते.

परवानगीची अडचण : लिनक्समध्ये पोर्ट वापरायला तुमचं नाव एका गटात असावं लागतं. उबंटूत त्या गटाचं नाव 'डायलआऊट'. आपलं नाव त्यात घालायचं, मग बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं. एवढं केलं की विझरच्या पोर्टवरून बोलता येतं.

दोन रस्ते, एक दरवाजा : यूएसबी पामशी बोलायचे दोन मार्ग आहेत. एक विझर ड्रायव्हरचा, दुसरा पायलट-लिंकचा थेट यूएसबीचा. दोन्ही एकदम चालू असतील तर एक दुसऱ्याला आत येऊ देत नाही. एकच ठेवा. मी विझर बंद करून थेट यूएसबीचा मार्ग घेतला, तेव्हा जमलं. त्यासाठी पाम यंत्राला परवानगी देणारा एक नियम वेगळा घालावा लागला. विझरच वापरायचा असेल तर लक्षात ठेवा, एका पामसाठी दोन पोर्ट तयार होतात आणि बहुतेक वेळा दुसरं कामाचं असतं.

नाव जुळत नाही : प्रत्येक पामला मालकाचं नाव आणि एक नंबर दिलेला असतो. तो कॉम्प्युटरवरच्या नोंदीशी जुळला नाही तर जे-पायलट इशारा देतो की पुढे गेलात तर नोंदी जाऊ शकतात. घाईने 'पुढे चला' दाबू नका. इशारा आधी वाचा.

यादी नीट दिसत नाही : झेड-२२ सारख्या नंतरच्या यंत्रांत पत्ते आणि दिनदर्शिका नव्या प्रकारच्या फाईलमध्ये असतात. जे-पायलटच्या पसंतीच्या खिडकीत 'नवे पत्ते, नवी दिनदर्शिका वापरा' असं निवडावं लागतं.

अक्षरं : पाममध्ये एका अक्षराला एकच बाइट मिळतो, म्हणजे सगळी मिळून जास्तीत जास्त २५६ चिन्हं. त्यात देवनागरी नाही. त्यामुळे मामांनी सगळं मराठी रोमन अक्षरांत लिहिलं होतं. वाचताना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. 'मामीचा चष्मा आणणे' हे असं लिहिलेलं होतं.

शेवटी मिळालं काय?

तिसऱ्या रविवारी सगळं हाती आलं. चारशेच्या आसपास पत्ते, टिपणं, आणि बरीच जुनी दिनदर्शिका. गट नंबरांचं टिपण मिळालं. उसनवारीची यादीही मिळाली.

पण खरं आश्चर्य दिनदर्शिकेत होतं. तिच्यात २००२ च्या नोंदी होत्या. झेड-२२ तर आलंच २००५ साली! मग त्या कुठून आल्या? विचार केल्यावर उलगडलं. त्या मूळच्या एम-१०५ मधल्या. मामा नियमाने सिंक करायचे. जुन्या यंत्रातून कॉम्प्युटरवर, आणि नवं घेतल्यावर कॉम्प्युटरवरून नव्यात. पहिल्या रविवारी जे यंत्र रिकामं निघालं म्हणून मी रडकुंडीला आले होते, त्यातलं बरंचसं दुसऱ्यात सुखरूप होतं. यंत्र मेलं, पण नोंद वेळेवर दुसरीकडे गेली होती म्हणून वाचली.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी सांगायलाच हवी. पाममध्ये नोंद 'खासगी' करता येते. ती पडद्यावर लपते. पण ती फक्त लपलेली असते, कुलूपबंद नसते. बॅकअपची फाईल साध्या एडिटरमध्ये उघडली तरी तिचा मजकूर वाचता येतो. मला तशी दोन-तीन टिपणं दिसली. पहिल्या ओळीवरच कळलं की ती माझ्यासाठी नाहीत. फाईल बंद केली आणि मामीला फोन केला. ती म्हणाली, "तू नको वाचूस बाळ, मी येते." पुढच्या आठवड्यात ती आली, मी तिला स्क्रीनसमोर बसवलं आणि चहा करायला गेले. मी परत आले तेव्हा ती नुसती बसली होती. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

वर्गात काय घेता येईल?

१) सोळा घरांची तारीख (पाचवीच्या पुढे) : पामच्या दिनदर्शिकेत एक तारीख फक्त १६ घरांत बसवलेली असते, प्रत्येक घरात ० किंवा १. वर्षाला ७ घरं, महिन्याला ४, दिवसाला ५. वर्ष १९०४ पासून मोजतात. बालदिनाची तारीख घेऊ, १४ नोव्हेंबर २००५. २००५ वजा १९०४ म्हणजे १०१, ते झालं ११००१०१. महिना ११ म्हणजे १०११. दिवस १४ म्हणजे ०१११०. मुलांना आपापली जन्मतारीख अशी लिहायला लावा. मग विचारा, दिवसाला पाचच घरं का पुरतात? (पाच घरांत ३२ आकडे मावतात, दिवस तर ३१च!) आणि शेवटचा प्रश्न : सात घरांत सगळ्यात मोठा आकडा १२७. मग ही दिनदर्शिका कोणत्या वर्षी संपेल? १९०४ अधिक १२७, म्हणजे २०३१. मुलं हे उत्तर काढतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

२) दोन याद्यांची जुळवणी (तिसरी-चौथी) : वर्गातल्या वाचनालयाच्या यादीच्या दोन प्रती करा. दोन गटांना त्यात बदल करू द्या, बदलापुढे लाल खूण करायला सांगा. मग दोन्ही याद्या जुळवा. एकाच पुस्तकापुढे दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर काय करायचं, हे मुलांनाच ठरवू द्या.

३) पालकांसाठी घरचा अभ्यास : मोबाईलमधले सगळे पत्ते वर्षातून एकदा व्हीकार्ड फाईलमध्ये निर्यात करा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि ती फाईल दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडते का, तेही एकदा बघा. ज्या नोंदी एकाच यंत्रात, एकाच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात, त्या पूर्णपणे आपल्या ताब्यात नसतात.

मामीचं टिपण मी छापून दिलं. पत्ते तिच्या मोबाईलमध्ये घातले. दोन्ही यंत्रं तिने परत त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली. एम-१०५ मधले सेल मात्र मी आठवणीने काढून ठेवले. गळून यंत्र खराब करतात म्हणून.

तुमच्या घरी असा एखादा डबा असेल तर भंगारात देण्याआधी एक रविवार त्याला द्या.